पाठीतलं पाणी : दिवस तिसरा आणि दिवस नववा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मानवतच्या मोंढ्यात ३१ वर्षं आडतीच्या दुकानात मुनीम होतो. कापसाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिण्यात जन्म गेला. डॉक्टरकीचा आणि माझा संबंध नाही, पण आकड्यांचा आहे, आणि एका आकड्यापायी आमच्या घरात जे झालं ते छापून यावं म्हणून हे पत्र. कारण आमच्या घरची गोष्ट मोंढ्यात उलटीच होऊन फिरायली आहे.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या दुकानावरचा एक हमाल भेटला. त्याचं सहा वर्षांचं लेकरू अठरा दिवसांपासून तापात, उलट्या, दिवसभर गुंगीत. डॉक्टरांनी मेंदूच्या टीबीचा संशय सांगून पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते पाणी, सुईनं काढून तपासायला सांगितलेलं. हा म्हणतो, "मुनीमजी, मी सही केली नाही. तुमच्या भाच्याचं दोनदा पाणी काढलं अन् तो जागेवरच बसला, सगळ्या गावाला ठाऊक हाय." मला खाली बसावंसं वाटलं. भाचा पाणी काढल्यामुळं बसला नव्हता. आजारानं बसला, आणि पाणी काढल्यावर आलेला आकडा आम्हाला वाचता आला नाही म्हणून उपचाराला उशीर झाला. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला त्या हमालाला मोंढ्याच्या नळावर उभ्या उभ्या सांगायला अर्धा तास लागला. तेच इथं लिहितो.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. वय ३४, कोरडवाहू सात एकर, एक बैलजोडी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे नसा सुजून हातपाय लुळे पडणाऱ्या 'गियाँ-बारे सिंड्रोम' या आजाराची, साथ आली तेव्हा पेपरात रोज 'नांदेड गाव, किरकटवाडी' वाचून आमच्याकडच्या निम्म्या लोकांना वाटलं आपलंच नांदेड. मग कळलं, पुण्यातही सिंहगड रस्त्याला एक नांदेड आहे. हसलो आणि विसरलो. त्याच वर्षी श्रावणात भाच्याला चार दिवस हगवण लागली. दवा घेतली, थांबली. पुढच्या पंधरवड्यात पायाला मुंग्या. म्हणायचा, "मामा, चप्पल पायातून कव्हा निसटती तेच कळना गेलं." आम्ही म्हटलं अशक्तपणा असंल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून तो खाली बसला, बैलाच्या पायाला लागलेला गाळ पुसायला. आणि उठता येईना. आधी गंमत वाटली त्यालाच. बैलाच्या मानेला धरून उठायला गेला तर बैल बिचकला आणि हा तिथंच तुपाच्या वाटीवर पडला. तो दिवस पहिला. हे दिवस मोजणं मी नंतर शिकलो, आणि या सगळ्या पत्रात तेवढंच एक ध्यानात ठेवा असं मी म्हणेन.

तिसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडम आमच्या नातीएवढ्या, पण हात कसबी. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, पाय हललाच नाही. दुसऱ्या पायाला मारली, तेच. म्हणाल्या, पाठीतलं पाणी तपासावं लागेल. आक्कानं तिथंच रडं काढलं. "माय, पाठीतलं पाणी काढलं की माणूस कामातून जातो." हे वाक्य मी स्वतः लहानपणापासून ऐकत आलोय, आणि खरं सांगायचं तर मीही मानत होतो. समोर आला तो सहीचा कागद दोन पानी, सगळा इंग्रजीत. ३१ वर्षांत मी न वाचलेल्या कागदावर सही केली नव्हती, त्या दिवशी केली.

वॉर्डबॉय जेवायला गेलेला, म्हणून धरायला मलाच उभं केलं. त्यामुळं सगळं डोळ्यांनी पाहिलं. भाच्याला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पोटातल्या लेकरासारखं मुडपलं. मॅडमनी कमरेच्या दोन्ही हाडांची वरची कड चाचपली आणि त्या रेषेवर पाठीच्या मधोमध अंगठ्यानं खूण केली. आक्काच्या भीतीला उत्तर त्या खुणेत होतं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून, म्हणजे रज्जूच्या बरीच खाली. तिथं पाण्यात मोकळ्या लोंबणाऱ्या नसा असतात, सुईला बाजूला सरतात. १८९१ साली जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरांनी ही रीत बसवली, आणि त्यांच्याच नावाची सुई आजही वापरतात. आधी जागा बधिर केली. मग सुई आत, आतली तार ओढली, आणि पाणी थेंबाथेंबानं नळीत. सलाईनच्या बाटलीतलं असतं तसं लख्ख. तीन नळ्या भरल्या, सगळं मिळून दोन चमचे म्हणा.

दोन चमचे. हिशेब करायची खोड जात नाही, म्हणून मी मॅडमला विचारलं, अंगात असतं किती? म्हणाल्या, मेंदू आणि पाठ मिळून साधारण १५० मिलिलिटर, आणि शरीर दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नवं करतं, म्हणजे तासाला वीसेक. मी पटकन मांडलं : काढलं १०, तासाला आवक २०. अर्ध्या तासात जमाखर्च जुळला. खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन आलो तेवढ्यात भाच्याचं पाणी भरून निघालं होतं, आणि आक्का वर बसून ते जन्माचं गेलं म्हणून रडत होती.

नळ्या घेऊन लॅबला मीच पळालो. लवकर पोचवा म्हणून बजावलं होतं, कारण त्यातल्या पेशी तासा-दोन तासांत फुटायला लागतात आणि मग मोजणी खोटी येते. लिफ्ट बंद. शर्टाच्या खिशात तीन नळ्या उभ्या धरून मी चार जिने उतरलो.

संध्याकाळी रिपोर्ट. प्रोटीन ०.४१. शेजारी छापील मर्यादा ०.१५ ते ०.४५. नॉर्मल.

आता आक्काचे जावई. माणूस वाईट नाही, पण शिकलेला म्हणून त्याचा शब्द चालतो, आणि आमच्याकडं जावयाचं मोडायचं कुणी? तो म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आलाय. नसांना काही झालेलं नाही. उगाच बिल वाढवायलेत." मॅडम सांगत होत्या की हा आजार पाण्याच्या एका आकड्यावर ठरत नाही, दोन दिवसांनी नसांना करंट लावून तपासू, थांबा. त्यांचं बोलणं घाईचं, निम्मं इंग्रजी. आम्हाला त्यातला 'नॉर्मल' एवढाच शब्द कळला. सही करून भाच्याला घरी आणलं. 'वारं गेलंय' म्हणणाऱ्या एका बाबाकडून पाच दिवस तेल चोळून घेतलं. तेल चांगलं होतं, माझी तक्रार तेलाबद्दल नाही.

नवव्या दिवशी त्याच्या हातातून चहाची बशी सुटली. खोकायला जोर लागेना. दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी आधी काय केलं? त्याला म्हणाले, एक श्वास भरून घे आणि एकाच श्वासात आकडे मोज. धडधाकट माणूस तीसच्या पुढं सहज जातो. भाचा एक, दोन, तीन करत अकरावर थांबला. मी आयुष्यभर आकडे मोजले, पण तो अकरा अजून कानात आहे. लगेच अतिदक्षता विभाग. श्वासाच्या मशिनची तयारी उशाशी ठेवली. लागलं नाही ते नशीब.

पाणी पुन्हा काढलं. रिपोर्ट आला : प्रोटीन १४२.

जावयानं दोन्ही कागद शेजारी धरले आणि पांढराफटक पडला. "०.४१ चं १४२ झालं! साडेतीनशे पट!" घरात आकांत. मोबाइलवर कुणीतरी लिहिलेलं वाचून दुसरा म्हणाला मेंदूज्वर आहे, तिसरा म्हणाला कॅन्सर. इथं मात्र मुनिमाचा जन्म कामी आला. मी म्हटलं, आधी माप बघा. आमच्या धंद्यात शेतकऱ्याच्या कापसाचा भाव क्विंटलचा असतो आणि जिनिंगमधून निघालेल्या रुईचा खंडीचा. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. खंडीचा भाव क्विंटलचा समजला तर माणूस एका दिवसात दिवाळं काढेल. चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली. पहिल्या लॅबनं लिहिलेलं 'ग्रॅम प्रति लिटर', दुसरीनं 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर', म्हणजे १०० मिलिलिटरमागं मिलिग्रॅम. पहिल्याला शंभरानं गुणा : ०.४१ म्हणजे ४१. मर्यादा १५ ते ४५. तर ४१ चं १४२ झालं, साडेतीन पट. वाढ खरी, पण साडेतीनशे पट नव्हे. हे काम लॅबचं होतं की माझं, संपादक साहेब? दोन आकड्यांची मापं वेगळी, आणि कागदावर ते माप मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

मग त्या दुसऱ्या डॉक्टरांनी, वयानं पिकलेले होते, मला बाजूला बसवून सांगितलं. माझ्या भाषेत मांडतो. रक्ताच्या पातळ भागात १०० मिलिलिटरला ६ ते ८ हजार मिलिग्रॅम प्रोटीन असतं. त्याच मापानं मेंदूच्या पाण्यात १५ ते ४५. शंभरातला एक वाटाही नाही. मध्ये चाळणी इतकी बारीक आहे की प्रोटीन जवळपास अडूनच राहतं. नसांची मुळं सुजली की ती चाळणी सैल पडते आणि प्रोटीन पाझरतं. म्हणजे १४२ हा आकडा सांगतो की गोदामात पाणी शिरलंय. पत्रा फुटला, गटार तुंबलं की कुणी नळ चालू ठेवला, ते तो सांगत नाही. ते बाकीच्या रकान्यांत बघायचं. भाच्याच्या पाण्यात पांढऱ्या पेशी निघाल्या ३; ५ पर्यंत चालतात. साखर ६८, आणि त्याच वेळी बोटातून घेतलेली रक्ताची साखर १०४. पाण्यातली साखर रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश असावी लागते, होती. प्रोटीन चढलं, पेशी मात्र वाढल्या नाहीत, ही जोडी जीबीएसची. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांत ती प्रथम नोंदवली. पहिल्या दोघांची नावं आजाराला चिकटली, तिसरे राहून गेले. मोंढ्यातही भागीदारीच्या पाटीवर असंच होतं.

आणि हेच प्रोटीन चढून पेशी शेकड्यांत गेल्या आणि साखर उतरली असती, तर टीबीचा किंवा जिवाणूंचा मेंदूज्वर. तिथं सगळी दिशाच बदलते. सुई जाताना नळीत रक्त मिसळलं तरी प्रोटीन फुगतं, डॉक्टर हजार तांबड्या पेशींमागं अंदाजे एक मिलिग्रॅम वजा करतात. आम्ही ओलाव्याची घट धरतो तसं. मधुमेह्यांत थोडं जास्त निघू शकतं, म्हाताऱ्यांतही, नुकत्याच जन्मलेल्या बाळात तर बरंच.

माझ्या मनात मात्र पहिला रिपोर्ट सलत होता. विचारलं, मग तो खोटा होता का? डॉक्टर म्हणाले, "तो खरा होता, पण तिसऱ्या दिवशीचा होता." जीबीएसमध्ये पहिल्या आठवड्यात कित्येकांचं प्रोटीन नॉर्मलच येतं. पाझर साचायला वेळ लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडा चढतो. तिसऱ्या दिवशीचा ४१ म्हणजे 'अजून दिसत नाही', 'आजार नाही' असा त्याचा अर्थ नव्हे. पेरल्यावर तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन उगवलं नाही म्हणून बियाणं बोगस ठरवावं, तसं आम्ही केलं. इतकी वर्षं कुणब्यांत उठबस करून ही साधी गोष्ट मला सुचली नाही याची लाज वाटते. ते सहा दिवस माझ्या खात्यावर आहेत, जावयाच्या नव्हे. कागद वाचणारा घरात मी होतो.

उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) सलाईन, किलोला ०.४ ग्रॅम रोज, असे पाच दिवस. भाचा ६० किलोचा, म्हणजे रोज २४ ग्रॅम, पाच दिवसांचे १२०. बाटलीबाटलीचा हिशेब मी उशाशी वहीत ठेवला. नर्स हसायच्या. दुसऱ्या वेळेला सुईनंतर त्याचं डोकं दुखलं, बसला की ठणका, आडवा झाला की गायब. आक्काला पुन्हा वाटलं पाणी आटलं. सुईच्या बारीक भोकातून थोडं पाझरत राहिलं की असं होतं, पाणी-कॉफी पाजून, आडवं ठेवून तीन दिवसांत गेलं. गेलं नसतं तर त्यालाही उपाय आहे म्हणाले. पाय मात्र हळूहळू. महिनाभरानं जावई म्हणाला, पुन्हा पाणी काढून प्रोटीन उतरलं का बघू. डॉक्टरांनी साफ नकार दिला. प्रोटीन आठवडेच्या आठवडे चढलेलं राहू शकतं आणि माणूस तिकडं चालायलाही लागतो. "आकड्याला चालवायचंय का पोराला?" असं ते म्हणाले. जावई गप्प बसला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

ही तपासणी सगळ्यांना सरसकट करत नाहीत, हेही त्या हमालाला सांगितलं. मेंदूला सूज किंवा गाठ असल्याची शंका असेल तर आधी सीटी काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, टोचायच्या जागी जखम-पू असेल, तर थांबतात. आपल्याकडं लोक गोळ्या लपवतात, 'उगाच विचारतील' म्हणून. तिथं लपवू नका.

माझं मागणं मोठं नाही. सहीचा कागद मराठीत असावा. सुई कुठं जाते, किती पाणी निघतं, डोकं दुखू शकतं, पाय जात नाहीत, एवढं चार ओळींत बसतं. लॅबच्या कागदावर मापाचं नाव आकड्याएवढ्याच अक्षरात असावं, आणि जमलं तर सगळ्यांनी एकच माप धरावं. आणि आजाराचा दिवस कितवा, यासाठी एक रकाना. कापसाच्या पट्टीवर तारीख नसली तर सौदा कुणी धरत नाही.

हमालानं दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. लेकराच्या पाण्यात पेशी भरपूर निघाल्या, साखर खाली, प्रोटीन वर. टीबीची औषधं त्याच संध्याकाळी सुरू झाली. परवा त्यानं सांगितलं, लेकरानं दूध मागितलं.

भाचा आता काठी घेऊन बांधापर्यंत जातो. डाव्या पायाचा अंगठा अजून घासतो, त्याची चप्पल एका बाजूनं झिजलीय. बैलजोडी विकायला काढली होती, आक्कानं विकू दिली नाही. दोन्ही रिपोर्ट माझ्या जुन्या रोजमेळाच्या वहीत आहेत. पहिल्यावर मी निळ्या पेनानं '४१' लिहून खाली 'दिवस तिसरा' लिहिलंय, दुसऱ्यावर 'दिवस नववा'.

आपला,
एक निवृत्त मुनीम,
मानवत, जि. परभणी
(भाच्याच्या सांगण्यावरून नाव छापू नये.)